मदर शिप आली तर वजन कोण करणार? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की खोल समुद्रात मदर शिपला (लहान बोटींकडून भर समुद्रातच मासळी घेणाऱ्या मोठ्या जहाजाला) वाव द्यायचा असेल तर किनाऱ्याचा हिस्सा आधी कागदावर यायला हवा, आणि त्यासाठी अलास्काचा दाखला दिला होता. त्यावर तुमच्या हरकती तीन. एक, ही मक्तेदारीची भाषा आहे, ज्याच्याकडे ताकदीची बोट त्याने मासे पकडावेत. दोन, आपल्या ट्रॉलरवर मासळी दहा-दहा दिवस बर्फात पडून असते, जहाजावर दोन तासांत गोठवलेला माल त्यापेक्षा केव्हाही सरस. तीन, अलास्कात ज्या 'किनाऱ्याला' वाचवलं तिथले बरेच कारखाने जपानी कंपन्यांचे, मग वाचलं कोण?

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण ती बिनतोड आहे आणि माझ्या लेखात ती बाजू सुटलीच होती.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलॉक हा कॉडच्या कुळातला मासा. त्याचे फिले (बिनकाट्याचे तुकडे) होतात, सुरिमी (धुतलेल्या माशाचा लगदा) होते, आणि हिवाळ्यात त्याच्या गाबोळीला जपानात चांगला भाव मिळतो. १९८९ च्या सुरुवातीला मोठे फॅक्टरी ट्रॉलर (स्वतःच मासा पकडून जहाजावरच त्याचा माल करणारी जहाजं) बेरिंग समुद्रातून अलास्काच्या आखातात, कोडियाक बेटाजवळच्या शेलिकॉफ सामुद्रधुनीत उतरले. मादी फाडायची, गाबोळी काढायची, उरलेला मासा आणि सगळे नर पाण्यात परत. गाबोळी म्हणजे माशाच्या वजनाच्या जेमतेम चार-पाच टक्के. तेवढ्यासाठी वर्षभर पुरायचा कोटा झपाट्याने संपला आणि कोडियाकच्या कारखान्यांना टाळं लागायची पाळी आली. नुसती गाबोळी काढून मासा फेकण्यावर पुढे बंदी आली. १९९२ पासून कोटा सरळ वाटून दिला गेला : आखातातला सगळा पोलॉक किनाऱ्यावरच्या कारखान्यांना, बेरिंग समुद्रातला ३५ टक्के किनाऱ्याला आणि ६५ टक्के जहाजांना.

आता तुमचा मुद्दा. १९७६ च्या कायद्याने अमेरिकेने २०० सागरी मैलांचं पाणी आपलं म्हटलं, पुढच्या पंधरा वर्षांत परकी जहाजं तिथून बाहेर काढली, आणि त्यांचं भांडवल पायऱ्या चढून डच हार्बर या अलास्कातल्या मासळी बंदराच्या किनाऱ्यावर येऊन बसलं. वाटणीच्या नियमात 'किनारा' म्हणजे मासा जिथे उतरतो ती जागा. तिथे राहणारी माणसं त्या व्याख्येत नव्हतीच. कामगारही बरेचसे हंगामापुरते बाहेरून येणारे. त्यामुळे त्या ३५ टक्क्यांनी कारखाने वाचले, गावाच्या तिजोरीत मासळीवरचा कर आला, पण बोटवाल्याच्या हाती फारसं काही लागलं असं म्हणता येणार नाही.

उलट १९९८ च्या अमेरिकन फिशरीज ॲक्टने बोटवाल्याला आणखी बांधून टाकलं. गावांचा हिस्सा (त्याबद्दल पुढे) बाजूला काढून उरलेल्या कोट्यातला निम्मा किनाऱ्याला, ४० टक्के फॅक्टरी ट्रॉलरना, १० टक्के मदर शिपना अशी वाटणी झाली, नऊ जहाजं पैसे मोजून कायमची बाहेर काढली, आणि किनाऱ्याच्या बोटींना सहकारी गट करायची मुभा मिळाली. गट झाला की 'आधी मी' ही पळापळ थांबते, मासा सावकाश पकडता येतो, एकाच माशातून जास्त माल निघतो. हे सगळं खरं. पण गटाची अट वाचा : एखाद्या कारखान्याला मासळी देणाऱ्या पात्र बोटींपैकी ८० टक्के बोटी एकत्र आल्या तर गट, आणि गटाच्या वाट्यातली ९० टक्के मासळी त्याच कारखान्याला द्यायची. कारखाना बदलायचा तर आधी एक वर्ष गटाबाहेर खुल्या स्पर्धेत काढायचं. म्हणजे हिस्सा बोटीच्या नावावर, पण त्याची दोरी कारखान्याच्या हातात.

गावांचं म्हणाल तर खरं काम केलं ते वेगळ्याच तरतुदीने. बेरिंग समुद्राच्या काठावरची, पन्नास सागरी मैलांच्या आतली ६५ गावं, त्यांचे सहा गट, आणि कोट्यातून आधीच बाजूला काढलेला त्यांचा हिस्सा : १९९२ मध्ये पोलॉकचा साडेसात टक्के, १९९८ नंतर दहा. यातल्या बहुतेक गावांत पोलॉक पकडायला लागते तसली बोट नव्हतीच. त्यांनी हिस्सा मोठ्या जहाजांना भाड्याने दिला आणि आलेल्या पैशातून पुढे त्याच जहाजांत भागीदारी घेतली. म्हणजे जहाज कोणाचंही असो, मासा पकडला गेला की गावाचा पैसा निघणारच. माझ्या लेखात भर द्यायला हवा होता तो यावर, ३५-६५ वर नव्हे.

आता मक्तेदारी. 'ताकदवाल्याने पकडावं' हीसुद्धा वाटणीच आहे, फक्त ती इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर होते. त्यापलीकडे या मुद्द्यावर फार शाई खर्च करत नाही.

दर्जाचा मुद्दा मात्र मान्य, जवळजवळ पूर्ण. उष्ण कटिबंधात एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे साधं गणित, आणि लांबच्या फेरीत ते शेवटच्या दिवसांत हमखास कोलमडतं. पहिल्या ओढीचा माल तळाशी, वरच्या थरांचं वजन त्याच्यावर, खाली साचलेलं लाल पाणी. सुरमई-पापलेट निदान दिसायला तरी उतरतं, कुप्याच्या (ट्यूनाच्या) बाबतीत प्रकरण आणखी वाईट. तो पकडल्यावर अंगानेच गरम असतो, लगेच रक्त काढून थंड केला नाही तर हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही, नंतर गोठवूनही जात नाही. पण याला उपाय म्हणून जहाजच हवं असं नाही. बोटीतल्या मासळीच्या खणाला चांगलं इन्सुलेशन, फोडलेल्या बर्फाऐवजी समुद्राचं पाणी आणि बारीक बर्फाचा गारेगार काला, पोटं साफ करून मासे क्रेटमध्ये एकाच थरात, आणि फेरी लहान. यात पैसा लागतो, पण तो बोटीत राहतो.

आणि इथेच मदर शिपचा खरा प्रश्न येतो, ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. भर समुद्रात वजन कोण करणार?

१९८० च्या दशकात अमेरिकन बोटी परकी मदर शिपना मासळी द्यायच्या ती पद्धत बघा. जाळ्याची मागची भरलेली खोळ बोटीवर घ्यायचीच नाही. ती पाण्यातच सोडवायची, दोर जहाजाकडे द्यायचा, आणि जहाज ती आपल्या मागच्या उतारावरून वर ओढून घ्यायचं. बोटीवरच्या माणसाने मासा डोळ्यांनी पाहिलेलाही नसायचा. किती टन, ते जहाज सांगणार.

पुढे जहाजावरचं वजन तयार मालावरून उलट काढायची रीत पडली. समजा तक्त्यात सुरिमीचा उतारा (माशाच्या वजनातून निघणारा माल) १७ टक्के धरला आहे. शंभर टन मासा आला, पण हयगयीने उतारा १४ टक्केच पडला. १४ टन सुरिमी भागिले ०.१७, म्हणजे कागदावर ८२ टन मासा. अठरा टन हवेत. कोणी चोरी केली नाही, तक्त्याने केली. म्हणून १९९८ नंतर त्या फॅक्टरी ट्रॉलरवर पट्ट्यावरून जाणारा मासा तोलणारा काटा आणि दोन निरीक्षक सक्तीचे झाले. तो काटा दर चोवीस तासांत एकदा, निदान ४०० किलो माल चालवून तपासायचा. फरक तीन टक्क्यांच्या आत नसेल तर तोलणं बंद. डोलणाऱ्या जहाजावर साधा स्प्रिंगचा किंवा ताटाचा काटा लाटेबरोबर वरखाली होतो, तो बाद.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या) मासेमारीचे नियम काढले. त्यात मच्छीमार सहकारी संस्था आणि उत्पादक संघटनांना प्राधान्य आहे, परकी जहाजांना जागा नाही, आणि अंदमान-निकोबार व लक्षद्वीपसाठी मदर शिप आणि तिच्या पोरबोटींचा (तिला मासळी आणून देणाऱ्या लहान बोटींचा) विचार आहे. १९९१ च्या धोरणाशी तुलना केली तर हे फार बरं. तेव्हा परकी कंपन्यांबरोबरच्या संयुक्त उपक्रमांच्या नावाखाली परवाने वाटले गेले, मच्छीमारांना किनारे बंद करून आंदोलन करावं लागलं, केंद्राची मुरारी समिती बसली आणि १९९६ मध्ये तिने ते परवाने रद्द करायला सांगितलं. पण प्राधान्य म्हणजे हिस्सा नव्हे. आणि अलास्काची नक्कलही जमणार नाही, कारण आपल्याकडे प्रजातीवार कोटाच नाही, मग टक्के कशाचे काढणार? त्यामुळे अटी घालायच्या त्या दोन बोटींच्या मध्ये, माल हातातून हातात जातो त्या क्षणावर.

वजन अख्ख्या माशाचं, पाणी निथळून, ठरलेल्या मापाच्या क्रेटमध्ये, पावती दोन्ही बाजूंना तिथल्या तिथे. भाव हंगामाआधी ठरलेला, माशाच्या आकारानुसार आणि आतल्या तापमानानुसार. बंदरातल्या लिलावाशी भाव जोडा असं सुचवलं जातं, पण मोठ्या कुप्याचा लिलावच जिथे नीट होत नाही तिथे तो जोडणार कशाला? पैसे किती दिवसांत, हे लिहिलेलं हवं. आणि डिझेल-बर्फ-किराण्याचा हिशोब मासळीच्या हिशोबात मिसळायचा नाही. मदर शिप तेलही देते, बर्फही देते आणि मालही घेते. कोकणात उचल देऊन वर्षभराची मासळी बांधून घेणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. हा पाण्यावरचा दलाल.

शेवटची अट बायकांसाठी. कुप्याबरोबर येणारी बाकीची मासळी पोरबोटीने किनाऱ्यावरच उतरवायची. जहाजाला तिचं मोल नाही, ती फ्रीझरच्या कोपऱ्यात जाईल नाहीतर समुद्रात. पाटीवाल्या बाईचा धंदा मात्र त्याच मिसळ मासळीवर चालतो.

नॉर्वेत १९३८ च्या कायद्यापासून मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्याच विक्री संघामार्फत होते, किमान भाव संघ ठरवू शकतो. तुम्ही विचारलं होतंत की असं 'जगात कुठे चालतं'. तर तिथे चालतं, आणि त्या देशाच्या मासळी निर्यातीचं त्याने काही बिघडलेलं दिसत नाही.

तुमच्या संस्थेपुढे असा करार येणार असेल (प्रतिक्रियेच्या सुरावरून तसं वाटलं), तर सगळ्यात आधी एकच रकाना बघा : हस्तांतराच्या पावतीवर वजन अख्ख्या माशाचं आहे की कल्ले-आतडी काढलेल्या माशाचं. दोन्हींत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडतो, आणि दर कोणत्या वजनाला लावलाय हे बहुधा मागच्या पानावर असतं.