सावली कुणाच्या बापाची

डॉक्टर म्हणाले, वजन कमी करायला पाहिजे, रोज तासभर चालणं ठेवा, टेकडी चढलात तर फारच उत्तम, फक्त उन्हात नको, आपलं सावलीसावलीनं जायचं. मी पोट आत घेतलं अन् हो म्हणलं, तर ते टेबलाखाली वाकून ब्रूनोला म्हणाले, "काय राजे, जमंल ना?" राजे ३८ किलोचे. लॅब्रॅडॉर नर साधारण २९ ते ३६ किलोत बसायला पाहिजे म्हणे. आमचा बसतो, पण बसला की उठत नाही.

आता सावलीसावलीनं म्हणजे हे डॉक्टर नक्की बाहेरचे, चिपळूणबिपळूणकडचे असणार. मराठवाड्यात जन्मलेला माणूस एप्रिल महिन्यात दुसऱ्या माणसाला सावलीसावलीनं जा असं सांगणार नाही. आपल्याकडं एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायचं तर मधी ऊनच लागतं, अन् झाड लागलं तरी त्याच्याखाली आधीच कुणीतरी बसलेलं असतं. सावलीला मालक असतो बघा. सातबाऱ्यावर नाव नसंल, पण असतो.

ब्रूनो खरा लेकीचा. तिनं हट्टानं आणला, नाव ठेवलं, इन्स्टाग्रामवर खातं उघडून दिलं अन् नोकरी लागली तशी पुण्याला गेली, तिथं घरमालकाला कुत्रा चालत नाही म्हणून हा इकडंच राहिला. माझ्या आईला ब्रूनो काही म्हणता येत नाही, ती त्याला बरनॉल म्हणते, अन् गंमत म्हणजे तो त्याच नावाला ओ देतो कारण भाकरी तिच्या हातात असते. वजनाचं मूळ तिथंच आहे, पण हे घरात बोलायची सोय नाही.

आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरला पहाडसिंगपुऱ्यात, बीबी-का-मकबऱ्याच्या जवळ, म्हणजे टेकडी शोधायला लांब जायला नको, गोगाबाबा टेकडी गच्चीतनंच दिसते. पहाटे उठणं हा प्रकार आमच्या घराण्यात नसल्यामुळं पहिल्यांदा संध्याकाळी साडेपाचची वेळ धरली. कोपऱ्यावरच्या लिंबापाशी गेलो. कडुनिंबाचं एक बरंय, बाकीची झाडं उन्हाळ्यात माना टाकतात तेव्हा हा नव्या पालवीनं गच्च असतो. पण लिंबाखाली रसवंती. घुंगरू वाजलं की ब्रूनोला वाटतं आपल्यालाच बोलवायलेत, तो थेट चरकापाशी, अन् रसवंतीवाला, "साहेब, कुत्रं जरा तिकडं घ्या, गिऱ्हाईक बिचकायलंय." तिकडं म्हणजे उन्हात. पुढच्या चिंचेखाली रिक्षा स्टँड. चिंचेची सावली गार, म्हणून एकेक रिक्षावाला सीटवर आडवा अन् पाय बाहेर, त्या पायांना ब्रूनोचं थंडगार नाक लागलं की तो माणूस ज्या भाषेत उठतो ती इथं लिहिता यायची नाही. त्याच्या पुढं वड, वडाखाली पत्ते. पत्तेवाल्यांची ना नाही, बसा म्हणतात, फक्त ब्रूनो शेपूट हलवतो अन् डाव उडतो.

पण हे सगळे भाडेकरू. खरे मालक वेगळे. तुम्ही कधी दुपारी आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांकडं नीट बघितलंय का? मी आता बघतो, दुसरं काही बघायला वेळच नाही. एक पाणपोईच्या रांजणाखाली. रांजण पाझरतो, खालची माती ओली असते, ती पंजानं वीतभर उकरायची, वरची तापलेली बाजूला सारायची अन् उघडं पोट त्या गारव्याला लावून पडायचं. दुसरा बांधकामाच्या वाळूच्या ढिगात, उत्तरेच्या बाजूनं. तिसरा उभ्या टेम्पोखाली, पण इंजिनाकडं नाही, मागच्या चाकाकडं. कुणी शिकवलं यांना? अन् एकही जण दुपारी चालत नाही. रात्री गावभर हिंडतील, भांडतील, लग्नं लावतील, पण सकाळी दहानंतर जागचे हलणार नाहीत. एप्रिलमध्ये ट्रेकिंगला जाणारा प्राणी एकच, अन् त्याच्या पट्ट्याला बांधलेला दुसरा.

त्यातला रांजणाखालचा म्होरक्या म्हणजे कानफाट्या. एक कान अर्धा फाटलेला, वजन आमच्या राजांच्या निम्मं पण नसंल. तो उठला सुद्धा नाही, पडल्या पडल्या नुसता वरचा ओठ उचलला. ब्रूनो शेपूट आत घालून माझ्या मागं, मी ब्रूनोच्या मागं, असे आम्ही दोघं पट्ट्यासकट गोल फिरलो अन् पत्तेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

बरं, हे झालं वरच्या उन्हाचं. खालचं ऊन वेगळंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रस्त्यावर उलटा हात ठेवा, सात सेकंद ठेवता आला तरच कुत्र्याला चालवा, कारण आपण चपलेवर असतो, ते अनवाणी. डांबर दिवसभर तापलेलं असतं, ऊन उतरलं तरी ते उतरत नाही. म्हणून मी भर चौकात खाली वाकून रस्त्याला हात लावला अन् एक, दोन, तीन मोजायला लागलो. चारला एक पोरगा थांबला, "काका, चक्कर आली का?" पाचला स्कूटरवाला, "अंकल, कुछ गिर गया क्या?" मी मोजण्यात असल्यानं बोललो नाही, तर तो उतरून शोधायलाच लागला, त्याचं बघून आणखी दोघं, एकानं मोबाईलची बॅटरी लावली, उजेड असताना. सातपर्यंत काही पोचलो नाही, हात पोळला. "नेमकं काय पडलं होतं?" या प्रश्नाला "कुत्र्यासाठी रस्ता बघायलो" असं खरं उत्तर दिलं, तर त्या लोकांनी एकमेकांकडं जसं बघितलं ते मी विसरणार नाही.

या जनावराची सगळी अडचण अशी की त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. घाम पंजाच्या गाद्यांपुरताच, बाकी सगळा कारभार जिभेवर. धापा टाकल्या की आतली वाफ बाहेर. त्यात त्याचं अंग मुळातच १०१-१०२ फॅरनहाइट असतं, म्हणजे जेवढ्या तापाला मी ऑफिसात रजा टाकतो तेवढ्यात हे नॉर्मल. धापा थांबंनात, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या की लगेच सावलीत घेऊन पोटाला, पायांना साधं पाणी लावायचं, बर्फाचं नाही, अन् तिथनं उचलून तडक दवाखान्यात. हे मला आता पाठ आहे. साधं पाणी म्हणजे काय हे मात्र डॉक्टरांना विचारायचं राहिलं, कारण आमच्या नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं. त्या दिवशी राजे पहाटेपासून मोटारीपाशी ठाण मांडून असतात, पहिली बादली त्यांची. आई म्हणते, याला तिथी कळती.

माझा भाचा अमेरिकेत फिनिक्सला असतो, सोनोरन वाळवंटातलं शहर ते, मला वाटलं त्याला तरी विचारावं, वाळवंटात लोक कुत्री कशी फिरवतात. तो म्हणाला, मामा, इथं तापमान १०० फॅरनहाइट झालं की टेकड्यांच्या वाटांवर कुत्रा न्यायला बंदी, शहराचा नियमच आहे, २०१६ पासून, दंड २,५०० डॉलरपर्यंत, अन् वर सहा महिने आत बसवू शकतात. १०० म्हणजे आपलं अडतीस सेल्सिअस. हा नियम इकडं आणला तर होळी झाली की पट्टा खुंटीला, तो पार मृगात काढायचा, अन् परभणी-नांदेडकडच्या लोकांनी तर कुत्रा पाळायचाच नाही. मी म्हणलं, झाडं नाहीत का रे तिकडं? आहेत की म्हणे, मेस्किट. फोटो पाठवला. अहो, ही तर आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण! तेच काटे, तीच विरळ सावली. एवढं डॉलर खर्चून माणूस शेवटी बाभळीखालीच जाऊन बसला. पण त्यानं एक काम केलं, ब्रूनोसाठी ऑनलाइन बूट मागवून दिले. चार. रबरी तळव्याचे, लाल रंगाचे.

बूट घालायला मी, ही, आई अन् शेजारचा पोरगा असे चौघं लागलो, पायाला एक. घातल्यावर ब्रूनो आधी पुतळा झाला. मग बोहल्याकडं निघालेल्या नवरदेवासारखा, बूट नवे, टाच चावायली, पण सगळे बघायलेत म्हणून चेहरा तसाच ठेवून एकेक पाय उचलत चालू लागला. गल्लीतली पोरं वराती व्हायला आलीच. अन् नवरदेव म्हणल्यावर पुढचं पण झालंच, पाणपोईपाशी त्यानं एक बूट झटकून टाकला अन् कानफाट्याच्या घरातल्या एका पिल्लानं तो करवलीच्या चपळाईनं पळवला. मी एक बिस्किट दिलं, दोन दिली, बूट काही आला नाही. उरलेले तीन माळ्यावर आहेत, तीन पायांचा कुत्रा कुणाकडं असला तर सांगा.

शेवटी पहाटच धरावी लागली. यात एक गोष्ट मात्र खरी कामाची निघाली. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे टेकडीच्या पश्चिमेच्या उतारावर टेकडीचीच सावली पडते, चांगली रुंद, सलग, अन् सूर्य टेकडीच्या वर येईपर्यंत टिकते. झाडाबिडाचा प्रश्नच नाही. रात्रभर दगड पण थोडा निवलेला असतो. थोडाच हं, कारण हा सगळा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे अन् माझ्या मते तो अजून पुरता निवलेला नाही. वाट अशी काही नाही, वाळलेल्या गवतातनं पाऊलवाट, अन् त्या गवताला कुसळं. कुसळ म्हणजे बारीक भाला, मागं शेपटी, शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. ब्रूनोच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, माझ्या मोज्यांत. घरी आल्यावर अर्धा तास चिमटा घेऊन बसायचं, आधी त्याची काढायची मग माझी, अन् त्यातनंच गोचीड सापडली तर ती वेगळी.

पण ती सावली! खाली मकबऱ्याचा घुमट पांढरा व्हायला लागलेला, विद्यापीठाकडं फिरायला आलेल्या लोकांच्या गाड्या मुंगीएवढ्या, अन् एवढा मोठा उतार आमचा दोघांचा. मी दगडावर बसलो, स्टीलच्या वाटीत पाणी ओतलं. ब्रूनोनं वास घेतला, मान फिरवली अन् माझ्या मागं बघून एकदम ताठ झाला. मागं शेळ्या. दहा-पंधरा, पुढं दाढीवाला बोकड, अन् काठी टेकत एक म्हातारबाबा. झालं, इथला पण मालक आला.

"हे कामून आणलं वर?"

"फिरवायला आणलंय, बाबा."

"राखण करतंय का?"

"नाही."

"शेरडामागं पळंल का?"

मी ब्रूनोकडं बघितलं. एवढ्यात बोकड चार पावलं पुढं आला, खाली मान घातली, अन् आमचं सिंह माझ्या मांडीवर चढायला लागलं. ३८ किलो. बोकडानं शांतपणे वाटीतलं सगळं पाणी पिलं, वाटी शिंगानं उलटी केली अन् निघून गेला.

"खातंय काय हे?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं, पाकीटबंद खाद्य, महिन्याचा खर्च पण सांगून टाकला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तंबाखू मळत म्हणाले, "मंग तुमी शेरडं पाळा की. हिंडायचं तेवढंच, अन् वर दूध." याला उत्तर नव्हतं. आम्ही गप्पा मारत बसलो, पाऊस कधी लागंल, कडबा काय भावानं चाललाय, लेक काय करते, तोवर शेळ्यांनी ब्रूनोला हुंगून सोडून दिलं, एक करडू तर त्याच्या पाठीला टेकून बसलं अन् तोही हलला नाही. सावली मात्र आमची वाट बघत थांबली नव्हती, सरकत सरकत पायाशी आली अन् गेली. उतरून खाली डांबरी रस्त्याला लागलो तर आठ वाजून गेलेले. ब्रूनोनं डांबरावर एक पाय ठेवला, उचलला, माझ्याकडं बघितलं अन् लिंबाच्या पहिल्याच सावलीत अंग टाकून दिलं. पट्टा ओढला, भाकरीचं नाव काढलं, बरनॉल म्हणून हाक मारली. ढिम्म.

तेवढ्यात रिक्षा आली. चिंचेखालचीच, ज्याच्या पायाला नाक लागलं होतं तोच. त्यानं आम्हाला ओळखलं, हे त्याच्या हसण्यावरनंच कळलं.

"पहाडसिंगपुरा? कुत्ते का अलग लगेगा, अंकल."

"किती?"

"तुमचे चाळीस, इसके साठ."

"त्याचे जास्त कसे? वजनावर आहे का?"

"वजन नहीं अंकल. वो पीछे पूरी सीट पे सोयेगा, तुम तो मेरे बाजू में बैठोगे ना."