डॉक्टरांची गाडी, घर ते क्लिनिक

पुण्यात दोन-सव्वादोन लाखांत सेकंडहँड गाडी शोधायला निघालं की सगळ्यात आधी हे कळतं की या शहरातल्या तमाम डॉक्टरांनी आपापल्या गाड्या विकायला काढल्यात. कुठल्याही डीलरकडे जा, "साहेब, डॉक्टरांची गाडी, घर ते क्लिनिक, बास." आता त्या 2012 च्या आय टेनचं क्लचचं पेडल झिजून गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हर सीटचा फोम बाहेर डोकावतोय, आणि मीटरवर मात्र फक्त एकतीस हजार किलोमीटर! म्हणजे डॉक्टरसाहेब क्लचवर पाय ठेवून गाडीतच पेशंट तपासत असणार.

"मग नवीनच घे की" असं म्हणणारे नातेवाईक सगळ्यांनाच असतात. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला तेव्हा मलाही जोर आला होता, शोरूमात गेलो, एसीत बसून कॉफी प्यायलो, एक्स-शोरूम किंमत ऐकली तेव्हा छान वाटलं, मग त्या पोराने कॅल्क्युलेटर काढला आणि पेट्रोल गाडीचा 11 टक्के रोड टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग आणि अ‍ॅक्सेसरीजचं ते किट (ज्याच्यात दोन मॅट आणि मडफ्लॅप सोडून काय असतं देव जाणे) असं सगळं मिळवून जो आकडा दाखवला त्यानंतर मी कप खाली ठेवला आणि बायकोला उशीर होतोय असं सांगून उठलो. बायको घरी होती.

बाबांचं वेगळंच. 1983 साली मारुती 800 आली तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास मिळायची म्हणे. मग घेतली का नाही, तर तेव्हा त्यांनी स्कूटरला नंबर लावला होता. काका अजून नॅनोवर अडकलेत, "एक लाखात गाडी येत होती रे" हे ते मलाच जबाबदार धरल्यासारखं बोलतात.

तर गाडी बघायला जाताना मी आमच्या मेस्त्रींना न्यायला लागलो. हा माणूस बोलत नाही, नुसतं "हं" करतो, आणि त्या "हं" वरून डीलरचा चेहरा उतरतो. त्यांनी मला टायर वाचायला शिकवला. टायरच्या कडेला एका लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 0822 असेल तर टायर 2022 च्या आठव्या आठवड्यात बनलेला. एक 2016 ची अल्टो होती, "वीस हजार फिरलीये दादा, टायरसुद्धा कंपनीचेच", आणि चारही टायरवर 0822! डीलर म्हणाला, ते हौसेने बदललेत. मेस्त्री म्हणाले, "हं."

दुसरी एक रिट्झ होती, सांगली पासिंग, एम एच 10. दिसायला नवरीसारखी सजवलेली, आत सेंटचा घमघमाट, इतका की मला शिंका सुरू झाल्या. मेस्त्रींनी काही न बोलता मागचा सीटबेल्ट धरला आणि ओढतच राहिले, पार शेवटपर्यंत, आणि अगदी तळाच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ निघाली. डीलर म्हणे पोरांनी चहा सांडला असेल. तेव्हा मेस्त्री त्या दिवसातलं एकमेव वाक्य बोलले, "ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत बराच चहा सांडला होता."

बाकी मग आरसीवर बँकेचा बोजा तसाच ("लोन कधीच फिटलंय, नाव तेवढं राहिलंय"), पंधरा वर्षं भरत आलेली सँट्रो ("री-पासिंग आपण करून देऊ, पर्यावरण कर तुमचा"), सीएनजीच्या टाकीने अख्खी डिकी खाल्लेली आणि स्टेपनी कुठाय विचारलं तर घरी आहे असं सांगणारे. हे रोजचंच.

शेवटी बिबवेवाडीत एका रिटायर्ड काकांची 2014 ची वॅगन आर मिळाली. इथे उलटाच प्रकार. टायरच्या आतल्या नायट्रोजनच्या पावत्यासुद्धा फाइलला लावलेल्या, आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच माझी मुलाखत सुरू केली. पार्किंग कव्हर्ड आहे का? चालवणार कोण? घाटात उतरताना न्यूट्रल करता का? "नाही" म्हणालो तर मेस्त्रींकडे बघून खरं का म्हणून विचारलं. मेस्त्री "हं" म्हणाले, पण जरा वेगळं. किंमत बजेटच्या वर गेली ती गेलीच, काका हजार रुपये सोडायला तयार नव्हते, पण फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना त्यांचा हात इतका रेंगाळत होता की एजंटने दोनदा घड्याळ बघितलं.

गाडी आता माझ्या नावावर झालीये. काकांचा दर रविवारी सकाळी फोन येतो, हवा चेक केली का, कूलंट बघितला का. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल होता. मी "नमस्कार काका" म्हणालो तर म्हणाले, "हो हो, नमस्कार, जरा कॅमेरा तिच्याकडे फिरवा."