बाकडे, पाटी आणि हाबरमास

चहाविषयी मत नाही असा माणूस पुण्यात शोधूनही सापडायचा नाही. मात्र तेच मत शोधनिबंधात मांडायचे झाले, की त्याला सैद्धांतिक चौकट लागते. सदाशिव पेठेतल्या एका अमृततुल्यामधील गप्पांवर मी निबंध लिहायला घेतला, तेव्हा पितळी पातेल्यापासून बाकड्यावरच्या मानापमानापर्यंत सगळ्या नोंदी तयार होत्या. मार्गदर्शक बाईंनी त्या शांतपणे वाचल्या आणि विचारले, "छान आहे हो, पण यात थिअरी कुठे आहे?"

थिअरी मिळवणे सोपे असते, आवरणे कठीण. माझ्या परिचयाचे एक संशोधक रिक्षाथांब्यापासून गणेश मंडळापर्यंत कशालाही फ्रेंच विचारवंत फूको यांचा सत्ताविचार लावतात. दुसरे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यांच्या सांस्कृतिक भांडवलाखेरीज, म्हणजे शिक्षण-अभिरुचीतून येणाऱ्या प्रतिष्ठेखेरीज, पाणीसुद्धा पीत नाहीत. मला जर्मन तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास सोयीचे वाटले. अठराव्या शतकातील लंडनच्या कॉफीगृहांत हुद्द्यापेक्षा युक्तिवादाला वजन असे आणि अशा चर्चांतून सत्तेला जाब विचारणारे सार्वजनिक क्षेत्र, म्हणजे नागरिकांच्या खुल्या चर्चेचे व्यासपीठ, आकाराला आले, अशी मांडणी त्यांनी १९६२ च्या आपल्या जर्मन ग्रंथात केली. मी कॉफीच्या जागी चहा घातला. त्यावर बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिले, "हे हाबरमास यांनी आधीच सांगितले आहे. मग तुमच्या दुकानाचे काम काय?"

प्रश्न झोंबणारा होता, पण रास्त होता; कारण सिद्धांताला नुसती मान डोलावणारे उदाहरण निबंधात फुकटची जागा अडवते. सुदैवाने आमच्या अमृततुल्यात गल्ल्यामागे एक पाटी आहे: "येथे राजकारणावर चर्चा करू नये." तिच्या खाली बसून मंडळी महापालिकेपासून दिल्लीपर्यंत सर्वांची खरडपट्टी काढतात. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहे बंद करण्याचा फतवा काढला आणि ओरड होताच पंधरवड्याच्या आत मागे घेतला. आमच्या मालकांनी पाटी मागेही घेतली नाही आणि अमलातही आणली नाही. नोंदी पुन्हा चाळल्यावर लक्षात आले, की सरकारवर कितीही तोंडसुख घेतले तरी चालते. अर्ध्या कपावर तासभर ठिय्या देणाऱ्या गिऱ्हाइकालाच तेवढे मालक पाटीकडे बोट दाखवतात. म्हणजे इथे वादाची मर्यादा सत्ता ठरवत नाही, बाकड्यावरची गर्दी ठरवते. हे मात्र हाबरमास यांनी सांगितलेले नव्हते.

अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये हाबरमास यांच्या मांडणीवर केलेल्या टीकेने आणखी एक खिडकी उघडली. सर्वांसाठी खुल्या म्हणवणाऱ्या या क्षेत्रातून स्त्रिया वगळल्या गेल्या होत्या, हा त्यांचा आक्षेप वाचून मी बाकड्याकडे पाहिले, तर तिथे सगळे काकाच होते; बायका पार्सल घेऊन वाटेला लागत होत्या.

निष्कर्ष पडताळण्यासाठी मी तो मालकांना सविस्तर ऐकवला. त्यांनी एकही शब्द न बोलता सर्व ऐकून घेतले, माझ्या रिकाम्या कपाकडे पाहिले आणि मग पाटीकडे.