नाही, मिस्टरांची नाही. माझी आहे.

आज मंडळाच्या गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. मखर कुणाच्या बेसमेंटमध्ये पडलंय, मोदक किती सांगायचे, ढोल-ताशा पथकाला पार्किंग लॉटमध्ये किती वाजेपर्यंत परवानगी मिळेल, हे सगळं नेहमीचं. संपवून बाहेर आले तर दोघं-तिघं माझ्या गाडीभोवती उभे. त्यातले एक गृहस्थ, चांगले ओळखीचे, हसत म्हणाले, "मस्त आहे हो गाडी! मिस्टरांची का?"

मी म्हटलं, माझी.

"अरे वा! आणि मॅन्युअल? तुम्हीच चालवता?"

पाठोपाठ शेजारच्या बाईंनी टाकलंच. "पण एवढा आवाज कशाला गं? हल्ली किती छान इलेक्ट्रिक गाड्या मिळतात. आणि आता या वयात..."

पुढचं बोलल्याच नाहीत. अर्धी सोडलेली वाक्यं मला जास्त झोंबतात. घरी आले, भाजी फोडणीला टाकली, तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय. माझ्या यादीतले तुम्ही सगळे समजूतदार आहात, तुम्हाला काही पटवायचं नाहीये. नुसतं ऐकून घ्या.

आधी त्या मिस्टरांचं बघू. माझी गाडी म्हणजे फोर्डची मस्टँग. १९६४ च्या एप्रिलमध्ये पहिली मस्टँग जगासमोर यायची होती. त्याच्या दोन दिवस आधीच शिकागोच्या एका शोरूममधून पहिली मस्टँग विकली गेली. घेणारी कोण? २२ वर्षांची शाळेतली बाई. आकाशी निळी, टप उघडणारी गाडी. ती त्यांनी पुढे कित्येक दशकं सांभाळली. मिस्टर नंतर आले! म्हणजे या गाडीच्या इतिहासातलं पहिलं गिऱ्हाईकच बाई आहे, आणि साठ वर्षांनी आमच्या नोव्हायमध्ये, डेट्रॉईटपासून अर्ध्या तासावर, लोक मला विचारतात नवऱ्याची का म्हणून. आपल्याकडे एसटीच्या स्टिअरिंगवर बाई बसायला २०२३ साल उजाडलं, त्यामुळे गृहस्थांना एकट्यांना तरी किती दोष देणार. पण देतेच.

गाडी २०२४ ची मस्टँग जीटी. पाच लिटर, आठ सिलिंडर, ॲक्टिव्ह एक्झॉस्ट (आवाज कमी-जास्त करता येणारा सायलेन्सर) घेतला म्हणून ४८६ हॉर्सपॉवर, सहा गिअर आणि खाली तीन पेडल. या पिढीत चार सिलिंडरवाली घेतली तर मॅन्युअल मिळतच नाही. डाव्या पायाला काम हवं असेल तर व्ही-एटच घ्यायला लागते. मला पायाला काम हवं होतं. संपला विषय. (ही मोठी दणकट मसल कार नव्हे, तिच्याहून आटोपशीर अशी पोनी कार, हे सांगायला ऑफिसातले दोघे कायम टपलेले असतात. बरं, पोनी तर पोनी.)

आता आमच्या आण्णांबद्दल सांगते, कारण या गाडीचं जे काही मला कळलंय ते आण्णा शेजारी बसल्यावर कळलं.

आण्णा एसटीच्या कराड आगाराला ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट, पावसाळ्यात सुद्धा. मागच्या उन्हाळ्यात इकडे आले होते. त्यांना हाईन्स ड्राईव्हला घेऊन गेले. नदीच्या कडेकडेने जाणारा, झाडीतला, वळणावळणाचा रस्ता आहे. आण्णा बसले ते सीट मागे घेऊन, दोन्ही हात मांडीवर. शब्द नाही. पुढे सिग्नल लाल दिसला, मी चौथ्यातून तिसरा टाकला, तिसऱ्यातून दुसरा. प्रत्येक वेळी गाडीने आपसूक हलकी रेस घेतली आणि गिअर लोण्यासारखा पडला.

आण्णा माझ्या पायाकडे बघत होते. म्हणाले, "ॲक्सिलेटरला पाय कवा लावलास?"

मी म्हटलं, मी नाही लावला, गाडीच लावते. कॉम्प्युटर आहे.

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बंद कर ते. गाडीलाच सगळं कळाय लागलं तर डायवर कशाला बसवलाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या एसटीला खालचा गिअर नुसता पडायचा नाही. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच, मग गिअर. त्याला डबल क्लच म्हणायचे. रेस कमी पडली की गिअरबॉक्स किंचाळणार आणि पाठीमागे पन्नास माणसं दचकणार. किती रेस द्यायची हे मीटर बघून नाही, कानाने ठरवायचं. आजच्या गाडीत दात जुळवायला आतच सिंक्रो असतात, डबल क्लचची गरज उरलेली नाही. पण खालच्या गिअरला इंजिन किती फिरायला हवं हा हिशेब काही बदललेला नाही. तो जुळला नाही तर गाडी पुढे नाक खुपसते आणि मागची चाकं क्षणभर अडखळतात. मस्टँगचा कॉम्प्युटर हा हिशेब जुळवून देतो. आण्णांच्या मते, हिसकावून घेतो.

बंद केलं. सेटिंगमध्ये जाऊन टिचकी मारली की बंद होतं.

आणि तिथून पुढे गाडी वेगळीच झाली. लोक मला विचारतात, ताशी शंभर किलोमीटरला किती सेकंदांत जाते? अहो, जाते चार-साडेचार सेकंदांत, पण ते दोन वेळा करून झालं की त्यात काय उरतं? हल्ली मुलांना शाळेत सोडायच्या इलेक्ट्रिक गाड्यासुद्धा तेवढ्याच वेळात जातात. या गाडीची मजा ताशी चाळीस-पन्नास मैलांवर आहे. तिसरा गिअर, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर इंजिन गुरगुरतंय, दाबलं तर लगेच अंगावर येत नाही, आधी जरा श्वास घेते. खरी ताकद चार हजारांनंतर. मग सात हजारांपर्यंत नुसती चढत राहते आणि तुमचा हात गिअरकडे जायला कां कूं करतो, कारण तो आवाज तोडवत नाही. शेजारच्या आजोबांची डॉज कंपनीची चॅलेंजर मी एकदा चालवली आहे, ६.४ लिटरवाली. ती उलटी, पाय टेकवायचा अवकाश की सीटमध्ये रुतवते आणि वर गेल्यावर म्हणते, झालं की काम. तीही आवडली. दोघींचे स्वभाव वेगळे.

बॉनेट लांबलचक आहे, त्यावरच्या दोन कडा सीटवरून दिसतात, त्या बघूनच लेन पकडायची. स्टिअरिंग जड नाही, पण पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते फार सांगतही नाही. ते तुम्हाला बुडाखालून कळतं. पावसात राउंडअबाउटवर दुसऱ्या गिअरात जरा जास्त पाय गेला की मागची बाजू हळूच विचारते, नक्की ना? पोटात गोळा येतो आणि त्याच क्षणी आपण पूर्ण जागे असतो. दिवसभर ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर मीटिंगा केल्यावर मला ते जागं होणं हवं असतं.

वाईट काय? आतल्या स्क्रीन. समोर १२.४ इंचांची, मध्ये १३.२ इंचांची. एसी कमी करायचा तर काचेवर बोट फिरवायचं. एक चांगलं आहे, समोरच्या स्क्रीनवर १९८०च्या दशकातल्या मस्टँगचे मीटर जसेच्या तसे आणता येतात. मी तेच ठेवलेत. हँडब्रेकला खरा दांडा आहे हे बघून आण्णा खूश झाले होते. "हँडब्रेक हाय बघ!" मग कळलं की त्या दांड्यालाही केबल नाही, तो फक्त कॉम्प्युटरला निरोप देतो. तेव्हा त्यांनी जो चेहरा केला!

आता आवाजाचं. त्या बाईंना सांगायला हवं होतं ते इथे सांगते.

अमेरिकन व्ही-एटचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बहुतेक वेळा क्रॉस-प्लेन असतो, म्हणजे त्याचे हात एकमेकांशी काटकोनात असतात. त्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. मध्येच दोन लागोपाठ येतात, मग खंड पडतो. तो जो अडखळता गडगडाट ऐकू येतो ना, तो त्यातून येतो. तो कुणी डिझाईन करून वर चिकटवलेला नाही, इंजिन काम करताना होणारा आवाज आहे. उलट बघा, डॉजने आपली चार्जर नावाची गाडी विजेवर आणली आणि वर आवाज काढणारी यंत्रणा बसवली, तिला फ्रॅट्झॉनिक असं नावही दिलं. सिलिंडर नाही, धूर नाही, पण गडगडाट हवा! मला याची चीड येते. इलेक्ट्रिक गाडी शांत असते हे तिचं सौंदर्य आहे, तिला मिशा कशाला लावता? आणि पेट्रोलचं सहा सिलिंडरचं इंजिनही त्याच गाडीत आणलंच की. आणि मस्टँगवाल्यांनीही फार मान वर करू नये. या पिढीत किल्लीचं बटण दाबून लांबूनच इंजिन घुमवायची सोय दिली आहे. पार्किंगमध्ये उभं राहून, गाडीत कुणी नसताना. ड्रायव्हर कशाला बसवलाय हा प्रश्न आण्णांनी उगाच विचारला नव्हता.

आणि हो, सकाळी लवकर गाडी काढते तेव्हा मी एक्झॉस्ट शांतवर ठेवते. अमुक वाजेपर्यंत गाडीने गुपचूप सुरू व्हायचं असं आधीच लावून ठेवता येतं. ही सोय कशी आली माहितीये? फोर्डच्याच एका वरिष्ठ अभियंत्याच्या मस्टँगच्या आवाजावरून त्याच्या शेजाऱ्याने पोलिसांना बोलावलं होतं. म्हणजे शेजारधर्म आम्हालाही कळतो. मात्र पुढच्या महिन्यात आपलं पथक पार्किंग लॉटमध्ये तासभर ढोल बडवणार, तेव्हा ती संस्कृती, आणि माझे आठ सिलिंडर तीन सेकंद घुमले की "एवढा आवाज कशाला गं"? मी स्वतः ताशा वाजवते, म्हणून बोलायचा हक्क आहे.

पेट्रोल पिते, मान्य. शहरात गॅलनला पंधरा मैल म्हणजे लिटरला सहा-साडेसहा किलोमीटर. आण्णांना आकडा सांगितला तर म्हणाले, आमच्या आगारात असलं ॲव्हरेज आणलं असतं तर साहेबांनी बोलावून घेतलं असतं. पर्यावरणावर मला कुणी बोललं तर उत्तर नाही माझ्याकडे, तेही मान्य. पण दर दिवाळीला मायदेशी विमानाने जाणाऱ्यांनी मला हे ऐकवू नये. आणि रोज ऑफिसला नवऱ्याची हायब्रिड घेऊन जाते, तेव्हा कुणी विचारत नाही, "ही गाडी तुमची का?"

चिडून लिहायला बसले होते, आता राग बराच उतरलाय. खरं सांगू? बाईंचा आणि त्या गृहस्थांचाही एवढा काही दोष नाही. आपण सगळे इथे आलो ते कोरोला-कॅमरीवर. पहिली गाडी सेकंडहँड, ऑटोमॅटिक, पांढरी किंवा चंदेरी, विकताना किंमत यावी म्हणून. ज्या गावाने ही असली इंजिनं बनवली त्याच गावात राहून आपण ती कधी हातात घेतली नाहीत. आता ती चाललीत. चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, ती बनायची पलीकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनला. त्याच सुमाराला लॅन्सिंगला शेवरलेची शेवटची कॅमारो निघाली. आपल्यापासून तासाभरावर! मंडळात कुणाला पत्ता तरी होता? आठ सिलिंडर आणि तीन पेडल एकत्र मिळणाऱ्या पोनी गाड्यांत मस्टँग उरली, ती इथे फ्लॅट रॉकला बनते, आणि ती तरी किती दिवस.

आण्णा जायच्या आधी पुन्हा त्याच रस्त्याला गेलो होतो. पंजा ब्रेकवर आणि पायाच्या कडेने रेस, हे एकदम साधत नव्हतं. आण्णा शेजारी बसून मांडीवर बोटाने ठेका धरायचे, आणि नेमक्या क्षणाला म्हणायचे, "हां, आता सोड." स्क्रीनकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. घाटात बस चालवलेल्या माणसाला या गाडीचं इंजिन पहिल्या दिवशी कळलं आणि आमच्या इंजिनिअर मंडळींना तिच्यात फक्त आवाज आणि माझं वय दिसलं.

असो. या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ आहे. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत जुन्या-नव्या गाड्यांची रांग लागते आणि ती मुंगीच्या पावलाने सरकते, डाव्या पायाचं भजं होतं. मी रॉयल ओकच्या बाजूला सकाळी आठला असेन. ज्यांना बसायचंय त्यांनी खाली लिहा. पुढची एकच सीट मोजा, मागे फक्त लहान मुलं मावतात, तीही कुरकुर करत. चालवून बघायची असेल तर रविवारी सकाळी घरी या, क्लच येणाऱ्यालाच किल्ली मिळेल, आणि ते रेस देणारं सेटिंग बंदच असेल. मीटिंगमधल्या त्या गृहस्थांनाही टॅग करतेय, त्यांनी जरूर यावं. इन्शुरन्स किती पडतो हे कॉमेंटमध्ये विचारू नका, आमच्या घरात तो विषय सध्या बंद आहे.