हॉर्सटेलचा चहा रोज प्या म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

सध्या जो मेसेज फिरतोय त्यात म्हटलंय की हॉर्सटेल नावाची वनस्पती म्हणजे आपली कांडवेलच, तिचा चहा रोज प्या, तिच्यातल्या सिलिकामुळे (वाळूत असतो तो खनिज घटक) केस दाट होतात, मुतखडा विरघळतो, आणि नॅचरल असल्यामुळे साईड इफेक्ट काही नाही.

कांडवेल ही नाहीच. कांडवेल द्राक्षाच्या कुळातली, चौधारी खोडाची, तिला फुलं-फळं येतात. हॉर्सटेल नेच्याच्या (फर्नच्या) नात्यातली, ना फूल ना बी, बीजाणूंवर वाढते. कांड्या दोघींना आहेत, एवढंच साम्य.

सिलिका मात्र खरंच भरपूर, इतकी की युरोपात लोक हिने भांडी घासायचे, जपानमध्ये लाकूड घासून गुळगुळीत करायला हिची एक जात वापरतात, आणि ओबो हे पाश्चात्त्य फुंकवाद्य वाजवणारे त्याची रीड, म्हणजे फुंकायची बोरूची पट्टी, तासायला आजही हीच घेतात. पण केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात हो! झाडात सिलिका आहे म्हणून ती चहातून जाऊन केस दाट करते हे सिद्ध झालेलं नाही. केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्या.

मुतखड्याचं म्हणाल तर, हिच्याने लघवी वाढते एवढंच त्यात तथ्य आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने जुन्या वापराच्या आधारावर लघवीच्या किरकोळ तक्रारींत पूरक म्हणून हिला मान्यता दिलीय, ब्राझीलमध्ये ३६ निरोगी पुरुषांवर ४ दिवसांची चाचणी झाली त्यातही लघवी वाढलेली दिसली. पण लघवी जास्त होणं म्हणजे खडा विरघळणं नव्हे, आणि हृदय किंवा किडनीच्या त्रासामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांनी तर हिच्या वाटेला जाऊच नये.

आता साईड इफेक्ट, मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. हिच्यात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी१ व्हिटॅमिन तोडतं. वाळल्या चाऱ्यात मिसळून ही सतत पोटात गेली की घोडे अशक्त होतात, झोकांड्या खातात, मग त्यांना बी१ द्यावं लागतं. रोज दारू पिणाऱ्यांच्या अंगात बी१ मुळातच कमी असतं, आणि मेसेज सांगतो रोज प्या! शिवाय दलदलीत वाढणारी हिची एक बहीण दिसायला बरीचशी सारखी, पण तिच्यात गुराढोरांना बाधणारं विषारी अल्कलॉइड असतं, त्यामुळे पुडीत नक्की कुठली जात आहे हे कळायला हवं.

आणि नर्सरीत कुंडीत मिळते ती उंच, हिरव्या नळ्यांसारखी जात शोभेची आहे, चहाची जात वेगळी. बाल्कनीतली कांडी तोडून उकळू नका प्लीज.