मराठी गद्य कलकत्त्याला जन्मलं नाही

आमच्या मोर्शी-चांदूर बाजार भागातल्या शाळांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. इंग्रजांनी १८०० साली मराठीच्या सेवेसाठी कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं, विल्यम कॅरी या मिशनऱ्याने मराठीला पहिलं व्याकरण दिलं आणि मराठी गद्य तिथेच सुरू झालं, असं त्यात म्हटलंय. 'लीळाचरित्र' जिथे लिहिलं गेलं ते रिद्धपूर ज्या तालुक्यात आहे, तिथल्याच वर्गात मुलांना हे सांगितलं जावं, याचं फार वाईट वाटतं.

सेवेचं म्हणाल तर गव्हर्नर जनरल वेलस्लीने ते कॉलेज कंपनीच्या नव्या गोऱ्या अंमलदारांसाठी काढलं. ज्या मुलखावर राज्य करायचं, तिथली भाषा त्यांना यायला हवी होती. फारसी, अरबी, संस्कृत, बंगाली, हिंदुस्थानी यांच्यासोबत मराठीही शिकवली जाई. १८५४ साली सरकारनेच कॉलेज मोडीत काढलं.

कॅरीचं व्याकरण १८०५ चं. त्याआधी १७७८ सालीच रोममध्ये पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं मराठीचं व्याकरण छापलं गेलं होतं. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक' हे व्याकरण तर त्याहून कितीतरी जुनं. कॅरीचं काम मोठंच आहे, त्याचा १८१० चा मराठी कोशही मोलाचा. पण त्याच्या हाताशी कॉलेजचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ होते. त्यांचं नाव मजकुरात कुठेच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

आता गद्य. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपुरात 'लीळाचरित्र' हे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींचं चरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांना गाठून त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. छोटी छोटी वाक्यं, माणसांचं बोलणं जसंच्या तसं, गावं, जेवणखाण, बायाबापड्यांचे प्रश्न, सगळं गद्यात. कॉलेजच्या आधी पाचशे वर्षं!

मग असा समज झाला कसा? या पोथ्या महानुभावांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपल्या होत्या, त्यामुळे पंथाबाहेर त्या कोणाला वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी महानुभाव वाङ्मय लोकांपुढे आणलं, नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी 'लीळाचरित्र' संपादून छापलं. त्याआधीच्या अभ्यासकांना हे ठाऊक नसणं समजू शकतं. आज मात्र वि. भि. कोलते यांनी संपादलेली आवृत्तीही निघालेली आहे. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी तिच्यातल्या चार लीळा, म्हणजे स्वामींच्या आठवणी, वर्गात वाचाव्यात; आपल्या मुलांना ती भाषा परकी वाटणार नाही.