पेनेलोपी नुसती वाट बघत बसली नव्हती

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: ग्रीक पुराणकथांतल्या बायका म्हणजे मागावर बसून नवऱ्याची वाट बघणाऱ्या सोशिक बायका. विणकाम हे त्यांना घरात अडकवून ठेवणारं, कवडीमोलाचं काम. त्यात प्रतिकार दिसतो तो फक्त आजच्या स्त्रीवाद्यांना. पण मूळ कथा वाचणाऱ्याला यातलं काहीच पटणार नाही.

आधी पेनेलोपी, कारण मजकुरात दाखला तिचाच आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यातली ही इथाका बेटाच्या राजाची, ओडिसियसची, बायको. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाहून परतलेला नाही. इथाकातल्या त्याच्या वाड्यात लग्नासाठी आलेले 108 पुरुष तळ ठोकून आहेत, त्याच्याच गोठ्यातली जनावरं कापून खातायत. त्यांना घालवून देईल असं घरात कुणी नाही. तेव्हा ती म्हणते, सासऱ्यांसाठी, लाएर्टीससाठी, कफन विणून होऊ दे, मग लग्नाचं बघू. एवढा मालदार माणूस कफनाविना गेला तर गावातल्या बायका मला नावं ठेवतील. सबब किती विचारानं निवडली आहे बघा. सुनेचं कर्तव्यच तिनं पुढे केलं, त्याला मोडता कोण घालणार? दिवसा विणायचं, रात्री मशालींच्या उजेडात उसवायचं. असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी एका दासीनं फोडलं म्हणून ती पकडली गेली.

आणि ‘बसून’ तर नाहीच. ग्रीकांचा माग उभा असे. ताण्याचे धागे वरच्या दांडीवरून खाली सोडलेले, टोकांना मातीची किंवा दगडाची वजनं. विणणारी उभ्यानंच, मागासमोर या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझाऱ्या घालत काम करायची.

कवडीमोल? क्रीट बेटावरच्या गॉर्टिन शहरात इ. स. पू. पाचव्या शतकात दगडावर कोरलेला कायदा आजही वाचता येतो. घटस्फोट झालेल्या बाईनं सासरी जे विणलं त्यातला अर्धा हिस्सा तिचा, असं त्यात स्पष्ट आहे. अथेन्समध्ये तर अथेना देवीला उत्सवात अर्पण करायचं वस्त्र बायकांच्या हातचंच असे, आणि त्यावर देव-राक्षसांचं युद्ध विणलेलं असे.

आता ‘आजच्या स्त्रीवाद्यांना दिसतं’ हा मुद्दा. पेनेलोपीच्या मागाची हकीकत ‘ओडिसी’त पहिल्यांदा कोण सांगतं? अँटिनोअस, त्या 108 जणांतला म्होरक्या. भर सभेत तो तक्रार करतो की या बाईनं आम्हाला झुलवलं, असं डोकं पूर्वीच्या नामांकित बायकांनाही नव्हतं. ज्यांच्याविरुद्ध प्रतिकार होता त्यांनाच तो कळला होता.

फिलोमेलाचं तेच. मेहुण्यानं, टेरिअसनं, तिच्यावर बलात्कार केला आणि बोलू नये म्हणून जीभ कापली. तिनं घडलेलं सगळं कापडात विणून बहिणीकडे, प्रॉक्नीकडे पाठवलं. यावर सोफोक्लीसचं नाटक होतं. ते हरवलं, पण त्यातले ‘धोट्याचा आवाज’ हे शब्द ॲरिस्टॉटलनं नोंदवले म्हणून उरले. पुढे रोमन कवी ऑव्हिडनं अराक्नी ही विणकरीण रंगवली. विणकामाच्या देवीशी, म्हणजे अथेनाशीच, पैज लावून ती युरोपा, लीडा, डॅनाई विणते, म्हणजे देवांनी फसवलेल्या बायका. कामात खोट सापडत नाही, तेव्हा देवी ते कापड फाडते आणि धोट्यानं तिच्या कपाळावर मारते.

या कथांना सरसकट मुक्तीच्या कथा म्हणायलाही मी तयार नाही, आणि त्या मजकुराला खरा आक्षेप इथूनच घेता आला असता. ओडिसियसच्या घरात 50 दासी होत्या, लोकर पिंजायला शिकवलेल्या. त्यातल्या बारा जणी त्या पुरुषांबरोबर झोपल्या म्हणून ओडिसियसच्या मुलानं, टेलेमॅकसनं, त्यांना जहाजाच्या दोरावर फासावर लटकवलं. पेनेलोपीला वेळ काढायला माग होता, सासऱ्याचं नाव होतं. या बारा जणींना नाही म्हणायची सोय होती का, हे काव्यात कुणी विचारतच नाही.